संगणक बंद पडला तरी रुग्णालय चालू राहावे यासाठी

आपल्या पत्रातील परिस्थिती थोडक्यात अशी. तालुक्याच्या ठिकाणी आपले पंधरा खाटांचे रुग्णालय आहे आणि त्याला जोडून छोटी प्रयोगशाळा, सोनोग्राफी व औषधांचे दुकान आहे. नोंदणीपासून डिस्चार्ज कार्डापर्यंतचे सगळे काम एकाच सर्व्हरवर चालते. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि तो सर्व्हर दीड दिवस सुरूच झाला नाही. ओपीडी अर्ध्यावर थांबवावी लागली आणि दोन रुग्णांना सुट्टी देता आली नाही. रोजचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर होत असल्याने माहिती गेली नाही, तरी काम ठप्प झाले. पुढच्या वेळेसाठी कोणती तयारी ठेवावी आणि सॉफ्टवेअर क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, नेल्यास हा त्रास संपेल का, असे आपण विचारले आहे.

माहिती वाचली आणि काम मात्र थांबले, या आपल्याच वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक रुग्णालयांत बॅकअप म्हणजेच आपत्कालीन योजना असा समज असतो. बॅकअप कालपर्यंतच्या नोंदी राखतो. आज दारात उभ्या असलेल्या रुग्णाचे काय करायचे हे तो सांगत नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. त्यात पाच सर्व्हर सापडले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे सरकारने नंतर संसदेत सांगितले. तेथील नोंदणी व दाखल रुग्णांची माहिती हल्ल्यातून सुटलेल्या बॅकअप सर्व्हरवर शाबूत होती आणि ती पूर्णपणे परत मिळाली; तरीही नोंदणी, दाखल करणे, सुट्टी देणे ही कामे संगणकावर पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे देशातील सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एक असलेले ते रुग्णालय कागदावर चालले. आपल्याकडे मनुष्यबळ कमी आहे, पण रुग्णही कमी आहेत, आणि त्यामुळे आपली योजना चार पानांत बसू शकते.

ही योजना लिहिताना संगणकापासून सुरुवात करू नका. सर्व्हर, स्विच, केबल अशी यादी केली की ती विक्रेत्याच्या उपयोगाची होते, सिस्टरच्या नाही. त्याऐवजी रुग्ण दारातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत कोणत्या क्षणी कोण पडद्याकडे पाहते आणि तेथे नेमके काय वाचते, हे एका दिवसात टिपून घ्या. बहुतेक ठिकाणी असे दिसते की ज्यावाचून रुग्णाला इजा होऊ शकते अशी माहिती फार थोडी असते: दाखल रुग्णांची चालू औषधे व त्यांच्या वेळा, औषधांची ॲलर्जी, गेल्या दोन-तीन दिवसांचे तपासणी अहवाल, उद्याच्या शस्त्रक्रियांची यादी, आणि ओपीडीतील जुन्या रुग्णांचे सध्याचे डोस, विशेषतः इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधे, फिटची औषधे आणि क्षयरोगाचे उपचार. बाकीचे सगळे एक-दोन दिवस उशिराने चालते. बिल उशिरा निघाले तर कुरकुर होते. इन्सुलिनचा डोस अंदाजाने दिला तर काय होते हे मी आपल्याला सांगायला नको.

दाखल रुग्णांसाठी उपाय सोपा आहे. सकाळच्या राउंडनंतर आणि रात्रीची पाळी बदलताना प्रत्येक रुग्णाचा औषधतक्ता छापून त्याच्या फाइलला लावायचा आणि आधीचा तक्ता रेघ मारून फाइलमध्येच मागे ठेवायचा. पंधरा खाटांना दिवसाला तीस पाने लागतात. पेपरलेस होण्याच्या उत्साहात हीच तीस पाने वाचवली जातात आणि माझ्या मते ती बचत चुकीच्या जागी होते. ओपीडीच्या बाबतीत आपल्याकडे एक जुनी सवय उपयोगी पडते: आपला रुग्ण स्वतःची फाइल स्वतः सांभाळतो, पिशवीत घालून आणतो. प्रत्येक भेटीनंतर छापील किंवा हाताने लिहिलेले प्रिस्क्रिप्शन त्याच्या हातात दिले, तर आपल्या नोंदींची एक प्रत आपल्या इमारतीबाहेर, सर्वांत योग्य माणसाकडे असते. प्रिस्क्रिप्शन फक्त व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्या दवाखान्यांनी हा आधार विनाकारण सोडला आहे. म्हाताऱ्या रुग्णाच्या बाबतीत तो मोबाइल मुलाकडे पुण्यात असतो.

यानंतरचा मुद्दा यंत्रांचा नसून अधिकाराचा आहे. ‘आता कागदावर जायचे’ हे कोणी आणि कधी ठरवायचे? संगणक अडकला की रिसेप्शनवरची मुलगी तो पुन्हा सुरू करते, मग विक्रेत्याला फोन लावते, तो ‘दहा मिनिटांत बघतो’ म्हणतो, आणि दीड तास जातो. तोवर बाकांवर चाळीस माणसे साचलेली असतात, डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये असतात आणि त्यांना विचारायला कोणी धजत नाही. म्हणून लेखी नियम ठेवा: पंधरा मिनिटांत यंत्रणा सुरू झाली नाही, तर त्या वेळी रिसेप्शनवर जी व्यक्ती मुख्य असेल ती कोणालाही न विचारता कागदी कामकाज सुरू करील, वेळ लिहून ठेवील आणि वॉर्ड, प्रयोगशाळा व मेडिकलला कळवील. यंत्रणा मधेच आली तरी ती पाळी संपेपर्यंत कागदावरच राहायचे. थोडा वेळ इकडे, थोडा वेळ तिकडे अशा नोंदी झाल्या की नंतर काहीही जुळत नाही.

कागदी कामकाजासाठी एक पेटी रिसेप्शनवर हाताशी ठेवावी. तिला कुलूप लावायचे असेल तर किल्ली तिथेच असावी. तिच्यात कोरे केसपेपर, दाखल फॉर्म, संमतिपत्रे, तपासणी मागणीच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्डाचे कोरे नमुने, दुहेरी प्रतीचे क्रमांकित पावती पुस्तक, दरपत्रक, कार्बन पेपर, शिक्के, चार्जिंग केलेला टॉर्च आणि महत्त्वाच्या दूरध्वनी क्रमांकांची छापील यादी असावी. क्रमांक मोबाइलमध्ये आहेत असे म्हणून ही यादी टाळू नका. ज्याच्या मोबाइलमध्ये ते आहेत तो त्या दिवशी रजेवर असतो. केसपेपरवर आधीच छापलेले तात्पुरते क्रमांक असावेत आणि ते संगणकाच्या मालिकेपेक्षा उघड वेगळे दिसावेत, उदाहरणार्थ ‘क’ अक्षराने सुरू होणारे. संगणकाचा पुढचा क्रमांक अंदाजाने लिहिला तर दोन रुग्णांना एकच क्रमांक जाण्याची भीती असते. नावाबरोबर वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, गाव आणि मोबाइल क्रमांक लिहायचाच, कारण तालुक्याच्या ठिकाणी एका आडनावाचे अर्धे गाव असते आणि एकाच नावाच्या तीन बायका एका सकाळी ओपीडीत येऊ शकतात.

प्रयोगशाळेत बहुतेक तपासणी यंत्रे सर्व्हरशिवाय चालतात. त्यांचा स्वतःचा पडदा व अनेकदा छोटा प्रिंटरही असतो. तेथे धोका असतो तो नमुन्याच्या ओळखीचा. बारकोड निघत नसल्यामुळे नाव, तात्पुरता क्रमांक आणि नमुना घेतल्याची वेळ नळीवर हाताने लिहावी लागते; झाकणावर लिहू नये, कारण झाकणे बदलतात. अहवाल वॉर्डच्या पडद्यावर आपोआप जात होते, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले असते. त्यामुळे कागदी दिवशी अहवाल तयार होऊनही ट्रेमध्ये पडून राहतो. पोटॅशियम, साखर, हिमोग्लोबिन, आणि डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट यांचे धोक्याचे आकडे तंत्रज्ञाने फोनवर सांगावेत, ऐकणाऱ्याने ते लिहून परत वाचून दाखवावेत आणि दोघांनी वेळ नोंदवावी. एक्स-रेची प्रतिमा सर्व्हरवर न जाताही यंत्राच्या स्वतःच्या संगणकावर दिसते. तो कोणी आणि कसा उघडायचा हे किमान दोघांना माहीत असावे.

सोनोग्राफीबाबत हयगय नको. गर्भवतीच्या तपासणीचा एफ-फॉर्म (प्रत्येक तपासणीचा सक्तीचा नोंदफॉर्म) संगणक बंद आहे म्हणून मागाहून भरता येत नाही, आणि अपूर्ण नोंदीचे परिणाम आपण जाणता. पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान प्रतिबंध) नियमांनुसार या नोंदी दोन वर्षे ठेवायच्या असतात आणि मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यायचा असतो. नोंदी संगणकावर ठेवत असाल, तर त्यांची छापील, जबाबदार व्यक्तीने प्रमाणित केलेली प्रत ठेवण्याचे बंधनही त्याच नियमांत आहे. म्हणजे कोरे एफ-फॉर्म पेटीत असणे आणि ऑनलाइन नोंद बंद असल्यास कागदावर फॉर्म पूर्ण करून, सही घेऊन मगच तपासणी करणे, हा तेथला एकमेव मार्ग आहे. औषधांच्या दुकानात शेड्यूल एच-१ ची, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या ठरावीक औषधांची, नोंदवही अशीच: ती तीन वर्षे ठेवायची असते, म्हणून बांधीव वही तयार असावी.

पैशांचे थोडक्यात सांगतो. क्यूआर कोडवर पैसे घेता येतात, पण रुग्णालयाचे इंटरनेट बंद असताना ते जमा झाल्याची खात्री कशी करणार? स्वतःचे सिमकार्ड असलेला साउंड बॉक्स असेल तर तो प्रश्न सुटतो. विमा किंवा शासकीय योजनेतील रुग्ण असल्यास पोर्टल बंद असताना मंजुरी फोनवर कशी मागायची, हे आपल्या आरोग्यमित्राकडून किंवा विमा कंपनीच्या प्रतिनिधीकडून आजच विचारून लिहून ठेवा. सुट्टीच्या बाबतीत, अंतिम बिल निघत नाही म्हणून बऱ्या झालेल्या रुग्णाला अडवून ठेवणे मला पटत नाही. तात्पुरत्या पावतीवर रक्कम घ्या, हाताने लिहिलेले डिस्चार्ज कार्ड द्या आणि पक्के बिल नंतर पाठवा.

आता यंत्रांकडे. वीज कडाडून सर्व्हर बंद पडला असे आपण लिहिता. तो झटका नेहमीच विजेच्या तारेतून येतो असे नाही. छतावरून गेलेल्या नेटवर्क केबलमधून किंवा इंटरनेटच्या तारेतूनही येतो. दोन इमारतींना जोडणारी तांब्याची केबल असेल तर तेथे फायबर घाला, आणि अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो म्हणून मेअखेरीस इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. यूपीएसची बॅटरी साधारण तीन वर्षांत दम तोडते. तिच्यावर खरेदीची तारीख चिकटवा. सर्व्हरला यूपीएस असतो, पण राउटर आणि स्विच साध्या सॉकेटवर असतात, त्यामुळे सर्व्हर चालू आणि जोडणी बंद असे अनेक ठिकाणी दिसते. सर्व्हर तळमजल्यावर जमिनीलगत असेल तर वर हलवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी कोठवर चढले होते ते आपल्या भागातील लोकांना सांगावे लागणार नाही.

याखेरीज सॉफ्टवेअर बसवलेला एक जुना पण चालता लॅपटॉप राखीव ठेवा. येथे एक अडचण आधी पाहून घ्या: आपल्याकडची बरीच जुनी सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलशिवाय (संगणकाला जोडायच्या परवान्याच्या छोट्या किल्लीशिवाय) किंवा ठरावीक यंत्राच्या परवान्याशिवाय उघडत नाहीत. सर्व्हर जळाला तर दुसऱ्या यंत्रावर परवाना किती वेळात मिळेल, रविवारी मिळेल का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

बॅकअपबद्दल दोन गोष्टी. आपली बाहेरची डिस्क कायम सर्व्हरला जोडलेली असते असे आपल्या वर्णनावरून दिसते. रॅन्समवेअर जोडलेल्या प्रत्येक डिस्कवरची माहितीही कुलूपबंद करते, आणि विजेचा झटकाही दोन्ही एकदम घेऊन जाऊ शकतो. दोन डिस्क आलटून पालटून वापरा. एक नेहमी सुटी आणि इमारतीबाहेर असावी. ती स्कूटरच्या डिकीतून घरी जाणार असेल तर तिच्यावरची माहिती कूटबद्ध असली पाहिजे आणि तिचा पासवर्ड बंद लिफाफ्यात दोन ठिकाणी ठेवला पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी केली तर ती नंतर उघडेलच असे नाही. बॅकअप झाला असा हिरवा संदेश पाहून समाधान मानू नका. तीन महिन्यांतून एकदा त्या डिस्कवरून राखीव लॅपटॉपवर माहिती उतरवा, कालच्या पाच रुग्णांच्या नोंदी उघडा आणि त्यांच्या कागदी फाइलशी ताडून पाहा. यास किती तास लागले तेही लिहा, कारण खऱ्या प्रसंगी आपल्याला किती काळ कागदावर राहावे लागेल याचा तोच एकमेव प्रामाणिक अंदाज असतो.

बिघाड हल्ल्यामुळे झाला असेल तर वागणे थोडे वेगळे हवे. फाइलींची नावे बदललेली दिसली किंवा खंडणीचा संदेश आला, तर सर्वप्रथम नेटवर्कच्या तारा काढा आणि वायफाय बंद करा, पडद्याचा फोटो घ्या, आणि ‘फॉरमॅट मारून बघू’ म्हणणाऱ्या उत्साही तंत्रज्ञाला थांबवा. तो पुरावा आणि माहिती परत मिळण्याची शक्यता दोन्ही पुसून टाकतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतक्रमांक १९३० आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यांत माहिती फुटल्याचे रुग्णांना कळवण्याची जबाबदारीही येते, म्हणून आपल्या वकिलाचा क्रमांकही त्या छापील यादीत असावा. हल्ला टाळण्याचे दोन स्वस्त उपाय म्हणजे विक्रेत्यासाठी कायम उघडा ठेवलेला दूरस्थ प्रवेश बंद करणे आणि विंडोजचे अपडेट न टाळणे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने इंग्लंडमधील आरोग्यसेवा विस्कळीत केली, तेव्हा ते विंडोजमधल्या ज्या छिद्रातून शिरले ते बुजवणारा अपडेट मार्चपासून उपलब्ध होता. आपल्या रिसेप्शनवरील यंत्रांवर अजून विंडोज १० असेल तर लक्षात घ्या की त्याला सुरक्षा अपडेटचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

सर्वाधिक चुका यंत्रणा बंद असताना होतात असा समज आहे. मी जे पाहिले त्यावरून त्या यंत्रणा परत आल्यावर होतात. बंद असताना सगळे सावध असतात. ती सुरू झाली की सुटकेचा निःश्वास टाकून लोक नव्या रुग्णांकडे वळतात, कागदांचा गठ्ठा बाजूला राहतो, आणि आठवड्याने एखाद्या रुग्णाला दिलेले प्रतिजैविक संगणकावर दिसतच नाही किंवा बंद काळात कळलेली पेनिसिलिनची ॲलर्जी कोठेच नोंदलेली नसते. म्हणून परतीचा क्रम ठरवा: आधी ॲलर्जी आणि दाखल रुग्णांची औषधे, मग तपासणी अहवाल, मग ओपीडी, सर्वांत शेवटी बिले. व्यवहारात हा क्रम नेमका उलटा होतो, कारण हिशेबनीस मागे लागलेला असतो. प्रत्येक नोंदीत घटना घडली ती खरी वेळ आणि ‘कागदावरून नंतर घेतले’ असा शेरा हवा. एकाने भरावे आणि दुसऱ्याने कागदाशी ताडून सही करावी. तात्पुरता क्रमांक जुन्या नोंदणीला जोडताना नुसते नाव पाहू नका, मोबाइल आणि गाव पाहा. त्या दिवशी ओपीडीच्या अपॉइंटमेंट निम्म्या ठेवा आणि एका व्यक्तीला या कामासाठी पूर्ण मोकळे करा. मूळ कागद फेकायचे नाहीत: वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात, न्यायालयीन प्रकरण असलेले कागद निकाल लागेपर्यंत ठेवावेत.

बंद काळात कर्मचारी आपापल्या मोबाइलवर अहवालांचे फोटो पाठवू लागतात. वॉनाक्रायच्या वेळी ब्रिटनमध्येही लोकांनी तेच केले. त्याला सरसकट बंदी घालून उपयोग नाही, ती कोणी पाळत नाही. एकच रुग्णालयाचा मोबाइल त्यासाठी ठेवा, फोटोत तात्पुरता क्रमांक असावा, आणि नोंद झाल्यावर फोटो पुसला गेल्याची खात्री करा.

योजना लिहून झाली की तिची तालीम करा. ब्रिटनच्या लेखापरीक्षण कार्यालयाने वॉनाक्रायनंतर नोंदवलेली त्रुटी हीच होती की हल्ल्याला प्रतिसाद देण्याची योजना होती, पण स्थानिक पातळीवर ती कधी पडताळलेली नव्हती. आपण एखाद्या कमी गर्दीच्या दुपारी, आधी फक्त डॉक्टरांना आणि वॉर्डच्या मुख्य सिस्टरला सांगून, दोन तास रिसेप्शनचे संगणक बंद ठेवा. पहिल्या तालमीत पेटीत कार्बन पेपर नाही, दरपत्रक मागच्या वर्षीचे आहे आणि नव्या मुलीला हाताने केसपेपर कसा करतात ते माहीत नाही, असे निघेल. तालीम त्यासाठीच असते.

राहिला क्लाउडचा प्रश्न. आपल्या ठिकाणी मी क्लाउडचा विचार जरूर करीन, कारण वीज, पाणी आणि जळालेली डिस्क यांची काळजी त्यामुळे बरीच कमी होते. मात्र त्या जागी इंटरनेट आणि दुसऱ्याची यंत्रणा यांवरचे अवलंबित्व येते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली, तेव्हा इंग्लंडमधील अनेक फॅमिली डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडता येईनात आणि ते कागदी प्रिस्क्रिप्शनवर आले. हल्लेखोर कोणी नव्हता आणि डॉक्टरांच्या हातून काही चुकलेही नव्हते. म्हणून क्लाउडवर गेलात तरी पेटी, दोन वेळचे छापील तक्ते आणि तालीम तशीच राहील. इंटरनेटच्या दोन जोडण्या घ्या, पण त्या एकाच खांबावरून येत नाहीत ना ते पाहा. दुसरी मोबाइल नेटवर्कवरची असलेली बरी. करार करताना सेवा बंद पडल्यास किती वेळात कोणाचा फोन येईल, आपल्या नोंदींचा बॅकअप आपल्याला स्वतः दर आठवड्याला उतरवून घेता येईल का, आणि करार संपवल्यास किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात सगळ्या नोंदी परत मिळतील, हे लेखी मागा. पैसे देण्यापूर्वी त्यांच्याकडून नमुन्यादाखल एका महिन्याच्या नोंदी उतरवून घ्या आणि त्यांच्या सॉफ्टवेअरशिवाय, साध्या एक्सेलमध्ये, त्या वाचता येतात का ते आपल्या रिसेप्शनवरच्या व्यक्तीला करून पाहू द्या.